क्रुपिच्काचं दगडी तोंड

पाचव्या झऱ्यापाशी ओताकार क्रुपिच्काने पेला पुन्हा भरून घेतला आणि पेल्याच्या चोचीतून औषधी पाण्याचा फुर्रकन घोट ओढला.

“मग पुढे काय झालं हो गाईडबाई, त्या डॉक्टरचं?”

द्राहोमिरा त्याच्याकडे बघतच राहिली. सकाळी बर्नोच्या पेन्शनर मंडळाची बस आली, तेव्हा अडतीस नावांच्या यादीत तिला हे नाव दिसलं होतं. केस गेले होते, हातात काठी आली होती. कान मात्र तेच, सुपाएवढे. त्याने तिला ओळखलं नव्हतं. कसा ओळखणार? तिच्या स्वयंपाकघरात बसायचा तेव्हाही त्याचं लक्ष ताटातच असे.

तिचा नवरा रादिम याच गावात, होर्का लाझ्नेत, स्नानगृहाचा डॉक्टर होता. दर गुरुवारी क्रुपिच्का त्यांच्याकडे जेवायला यायचा. जेवता जेवता रादिम सरकारबद्दल जे बोलायचा, ते गुप्त पोलिसांच्या कागदावर उतरायचं. एक दिवस रादिमचा पांढरा कोट काढून घेतला आणि त्याच स्नानगृहाच्या बॉयलरवर त्याला कोळसा ओढायला लावलं. अकरा वर्षं ओढला त्याने, आणि खोकून खोकून गेला. पुढे कम्युनिस्ट राजवट पडली, कागद उघडे झाले, तेव्हा खालची सही द्राहोमिराने वाचली. वकील म्हणाला, “जुनं झालं बाई, सोडून द्या.” तिने वकील सोडला आणि गाईडचा बिल्ला घेतला.

गावातल्या खांबांच्या लांबलचक ओसरीच्या टोकाला, सातव्या झऱ्याच्या वर, एक दगडी तोंड होतं. सुपाएवढे कान, उघडा जबडा. कुणाचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तिनेच त्याचं बारसं केलं. तीनशे वर्षांपूर्वीचा एक रखवालदार, एक भला डॉक्टर, गुरुवारचं जेवण आणि शुक्रवारची चुगली. सातव्या झऱ्याचं कडू पाणी तोंडात धरायचं आणि त्या चुगलखोराच्या थोबाडावर थुंकायचं, म्हणजे जन्माचं पित्त निघून जातं. गोष्ट इतकी झकास जमली की दोन वर्षांत बाकीचे गाईडही तीच सांगायला लागले. शाळांच्या सहली रांगा लावून थुंकू लागल्या. शेवटी नगरपालिकेने त्या तोंडाखाली पन्हळ बसवून दिली.

गोष्टीत तिने त्या रखवालदाराला एक रात्र तळमळायला दिली होती. “एवढं दिलं नाही तर तो माणूस वाटत नाही,” असं ती नव्या गाईडांना सांगायची. खरं तर ती रात्र तिने स्वतःसाठीच ठेवली होती. तेवढाच एक आधार.

“त्या डॉक्टरला भट्टीत लाकडं टाकायला लावलं,” सहाव्या झऱ्यापाशी ती म्हणाली. “तिथेच खोकून खोकून गेला बिचारा.”

“अरेरे,” म्हणत क्रुपिच्काने गोड वेफरचा तुकडा मोडला.

ती सातव्या झऱ्याशी थांबली. “आणि त्या चुगलखोराचं नाव होतं, ओताकार क्रुपिच्का!”

हशाच हशा. त्याचा हात धरून चालणाऱ्या जाड्या ब्लाझेनाबाई किंचाळल्याच, “अगंबाई, ओता! तुझा खापरपणजोबा की काय हा?”

“कान बघा ना, कान!” मागून कुणीतरी ओरडलं.

क्रुपिच्काने टोपी काढून दगडाला मुजरा केला. “म्हणजे आमचं घराणं एवढं जुनं! वा!”

द्राहोमिराचे दात एकमेकांवर करकरले. बारा वर्षं तिने या माणसाचा चेहरा एकदा, फक्त एकदा, उतरलेला बघायची वाट पाहिली होती. आणि हा मिरवत होता.

“क्रुपिच्कासाहेब,” ती गोड आवाजात म्हणाली, “पूर्वजाशेजारी उभे राहा. बाकीच्यांनी तोंडं भरा. मी सांगेन तेव्हा थुंकायचं.”

तो ऐटीत दगडाला खेटून उभा राहिला. सदतीस म्हाताऱ्यांचे गाल फुगले. द्राहोमिराने त्याच्या डोळ्यांत डोळे घातले आणि शेवट सांगायला घेतला.

“गुरुवारी रात्री त्याला झोप आली नाही. ज्याच्या ताटात जेवलो त्याचा गळा कसा कापायचा, म्हणून पहाटेपर्यंत तळमळला. शुक्रवारी सकाळी मात्र गेला.”

क्रुपिच्काच्या कपाळाला आठी पडली. तो पुढे झुकून तिच्याकडे बारीक डोळ्यांनी बघायला लागला आणि एकदम खुलला. जुनं ओळखीचं माणूस बाजारात भेटावं तसा.

“अहो, वहिनी तुम्ही! रादिमच्या!” मग फॉर्ममधली चूक दाखवणाऱ्या कारकुनासारखं बोट वर करून तो म्हणाला, “पण शुक्रवारी नाही हं वहिनी. गुरुवारीच. तुमच्याकडून उठलो की थेट त्यांच्या ऑफिसात. सकाळपर्यंत थांबलं तर बारीकसारीक विसरायला होतं. आणि झोप तर मला मस्त लागायची. तुमच्या हातचं डुकराचं मांस आणि क्नेडलिकचे उकडलेले गोळे खाऊन न लागायला काय झालं?”

ओसरीत नुसता पाण्याचा आवाज. तोंडं भरलेली, बोलणार कोण? सगळे सत्तरीच्या पुढचे, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरातलं कुणी ना कुणी असंच कुणाच्या तरी सहीने गेलेलं. ब्लाझेनाबाईंचे फुगलेले गाल हळूहळू लालबुंद झाले.

‘थुंका’ म्हणायचं द्राहोमिरा विसरूनच गेली.

तिच्या सांगण्यासाठी कुणी थांबलं नाही, आणि दगडाकडे तर कुणी बघितलंसुद्धा नाही.