परदेशी टोपण

“मोठ्या कंपनीचं नवं टोपण परदेशी तंत्राचं आहे म्हणे. बाटली उलटी धरली तरी थेंब गळत नाही. आपली टोपणं आता कोण घेणार? ताई, त्यांना कारखाना विकून मोकळी हो,” मामाने कागद पुढे सरकवला. आईने पेन उघडलं. “आई, थांब!” मी दप्तरातून त्यांचं टोपण काढून टेबलावर आपटलं. बाजारातल्या वावड्या ऐकत बसण्यापेक्षा मी त्यांची बाटलीच विकत आणून टोपण करवतीने उभं कापलं होतं. आत तिळाएवढा उंचवटा! आमचा साचा बनवताना आईची कानस घसरली होती, म्हणून आमच्या प्रत्येक टोपणात तो असतो. “मामा, वर्गात उत्तर सारखं आलं तर बाईंना काही वाटत नाही. चूक सारखी निघाली की कॉपी पकडली जाते!” “माझी चूकसुद्धा परदेशी झाली की गं!” आईने पेनाला घट्ट टोपण लावलं.