बंद दाराचा ठेका

भाचीच्या आवाजात दम होता, शब्दांत नव्हता. "पांढऱ्या पुडीनं दिले पंख मला, आभाळ माझ्या खिशात!" असं ती जिवाच्या आकांताने ओरडली आणि मामाने गिटारच्या तारांवर पंजा ठेवला. मागच्या खोलीतली तालीम थांबली, ड्रमवाल्याच्या काड्या हवेतच राहिल्या.

"मामा, काय हे? कार्यक्रम उद्यावर आलाय!"

"मी हे वाजवणार नाही."

नशेची पुडी सोडून त्याला इतकी वर्षं झाली होती की नातेवाईक आता त्याच्या सुटलेल्या पोटावरून टोमणे मारत. त्याला ही प्रगती वाटे.

"पंखबिंख कुणाला फुटत नाहीत गं. मी संडासाच्या फरशीवर पडलो होतो, तोंडाला फेस. तुझी आई बाहेरून दार बडवत होती. मला सगळं ऐकू येत होतं, पण ओ द्यायला तोंड उघडेना."

ड्रमवाला हसायला गेला आणि उगाच काड्या पुसू लागला. भाचीने कागदावरचे पंख खोडले. जरा वेळाने तिने त्याच चालीवर म्हणून पाहिलं, "फरशी गार, दार बंद, बाहेर माझी ताई..." मामाची बोटं आपोआप चालू लागली. ड्रमवाल्याने दार वाजल्यासारख्या काड्या हलकेच टेकवल्या. टक टक.

तेवढ्यात चहा घेऊन ताईच दारात उभी! तिने किती ऐकलं होतं कोण जाणे. मामाची बोटं थांबली. त्या दिवसाबद्दल दोघं भावंडं आजवर एक अक्षर बोलली नव्हती. आता ती तशीच निघून गेली, तर परत कधी बोलणार?

तिने ट्रे खाली ठेवला.

"असं वाजवत होते होय मी? हे काय, शेजारणीकडे साखर मागायला आलेय?" आणि तिने उघड्या दारावर दोन्ही तळहातांनी दणादण सुरुवात केली. "हे असं! हात सुजले होते माझे. आणि हा मेला आतून हूं की चूं करत नव्हता!"

ड्रमवाल्याने ठेका उचलला. भाचीने गळा मोकळा सोडला. ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ती हसत होती, आणि हात थांबत नव्हते. मामाला फार बरं वाटलं.

कडवं संपलं. ड्रम थांबले, भाची थांबली. ताईचे हात मात्र अजून दारावरच होते.

"आलो गं, ताई," मामा म्हणाला.