टेबलाजवळचं स्टूल

प्रथम वर्षाच्या प्रोग्रॅमिंगमध्ये गेली नऊ वर्षं कुणीच नापास झालं नव्हतं. मुलं कपाळाला पट्टी लावून लॅबमध्ये बसत. चूक मनात येते न येते तोच पट्टीला तिचा सुगावा लागे आणि पडद्यावर बरोबर ओळ उमटे. टिपणीस मॅडमना मात्र टेबलाजवळचं रिकामं स्टूल खुपायचं. पूर्वी अडकलेलं पोर त्यावर बसून आपला प्रोग्रॅम त्यांना ओळीओळीनं वाचून दाखवायचं. त्या नुसत्या ऐकायच्या.

आज मृण्मयी त्या स्टुलावर येऊन बसली. पट्टी तिच्या हातात होती.

"बिघडली का गं?"

"नाही मॅडम, मीच काढली. आई म्हणते, ती या स्टुलावर बसून शिकली. मला तर कधी अडकायलाच मिळालं नाही."

"पट्टीशिवाय केलेल्या प्रॅक्टिकलला शून्य मिळतं, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

तिचा प्रोग्रॅम दहापर्यंत मोजायचा सोडून अकरावर जाऊन थांबत होता. अर्धा तास झटून ती रडकुंडीला आली. मॅडमना चूक केव्हाच दिसली होती.

"मोठ्यानं वाच," त्या म्हणाल्या.

मृण्मयी वाचू लागली. चौथ्या ओळीवर तिचा आवाज रेंगाळला. न राहवून मॅडम काही बोलणार, तोच तिनं हात वर केला.

"थांबा मॅडम. सांगू नका."

मॅडमनी खिडकीकडे तोंड फिरवलं. नऊ वर्षांत त्यांना असं कुणी म्हणालं नव्हतं.