झाड आणि मासा

लेबलवरची धोक्याची चिन्हं कशी ओळखायची, हे आमचे मॅनेजरसाहेब स्वतः शिकवायचे. वर्षातून एकदा, अर्धा तास, त्यातली वीस मिनिटं स्वतःच्या कौतुकाची. त्या दिवशी त्यांनी शेवाळ मारायच्या औषधाचा कॅन टेबलावर ठेवला आणि चित्रावर बोट टेकवलं. "हे झाड, हा मासा. म्हणजे माल निसर्गाला पोषक. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

आम्ही माना डोलावल्या. आम्हाला पगार त्याचाच मिळतो.

फक्त साफसफाईच्या मावशी बोलल्या. "साहेब, मासा उताणा पडलाय. आणि झाडाला एक पान नाही."

"मावशी, तुम्हाला लिहिता-वाचता येतं का?"

"नाही ना. म्हणून तर चित्र नीट बघते."

साहेब असे हसले की आम्हालाही हसावं लागलं. फाटकाजवळच्या झाडाखाली त्यांचा लाडका माशांचा हौद होता. त्यात शेवाळ माजलं होतं आणि दुसऱ्या दिवशी कंपनीचे मालक येणार होते. साहेबांनी स्वतःच्या हातांनी अख्खा कॅन हौदात ओतला.

सकाळी सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, पण हे झालं कसं?"

मावशींनी रिकामा कॅन उचलला, लेबल हौदाशी ताडून पाहिलं, मग मान वर करून झाडाकडे बघितलं.

"चित्राबरहुकूम चाललंय, साहेब. मासे झाले. झाडाला अजून चार दिवस लागतील."