राखेतलं बी

सकाळ उलटून गेली तरी तिने कोंबड्या सोडल्या नव्हत्या. खुराड्यात नुसता कालवा चालला होता. ती पहाटेच पेरणी उरकून आली होती. कोपरापर्यंत लागलेला चिखल अजून धुतला नव्हता.

धाकटा दीर आला आणि कुणी बस म्हणायच्या आत पायरीवर बसला.

"सगळं करपलं, वहिनी. कालचा पाऊस महिनाभर आधी यायला हवा होता."

"तुम्ही पेरलंत कधी?"

"पहिल्या सरीला. आबा तेव्हाच पेरायचे."

"आबांच्या वेळी पाऊस सांगून यायचा, भावोजी. आता कुणाचं ऐकतो तो? कोपरापर्यंत हात घालून ओल बघा, मग पेरा, म्हटलं होतं."

"हसलो होतो मी."

"हो. पोट धरून."

तो जमिनीकडे बघत राहिला. "ओल चार दिवस टिकेल. एवढ्या उशिरा पेरून हाती येईल अशी साठ दिवसांची बाजरी फक्त तुमच्याकडे आहे. ती दिली नाहीत, तर बायकोपोरांना घेऊन वीटभट्टी गाठावी लागेल मला."

ती आत गेली. पेरून उरलेल्या बियाण्याचं मडकं घेऊन बाहेर आली. तो हात पुढे करून उठला. तिने मडकं अंगणाच्या मधोमध उपडं केलं आणि पायाने बी चहूकडे पसरलं. कीड लागू नये म्हणून राखेत घोळलेले बारीक दाणे राखाडी मातीत दिसेनासे झाले.

"वहिनी!"

"तीन वर्षांपूर्वी माझं बी तुम्ही याच अंगणात कोंबड्यांना टाकलंत. म्हणालात, पेरणी कधी करायची ते बायका ठरवायला लागल्या, आता कोंबड्यांच्या हाती नांगर द्या. आठवतं?"

त्याची नजर खुराड्याकडे गेली.

"मी अंधार पडेपर्यंत वेचत होते. मूठभर निघालं. त्या मुठीचं हे मडकं. वेचा."

तो उकिडवा बसला. आधी दोन बोटांनी, मग दोन्ही हातांनी मातीसकट ओंजळीत भरू लागला. भराभर.

ती जरा वेळ बघत उभी राहिली. मग खुराड्याकडे गेली.

"माझ्या वेळी यांची पोटं भरलेली होती," ती म्हणाली आणि कडी काढली.