सत्तरचा आकडा

मनोपचार केंद्रातल्या बाईंनी वैजूच्या मनगटपट्टीचा आलेख पुन्हा पाहिला. "घालमेलीचा आकडा चाळीसच आहे, बुवा. सत्तर गाठल्याशिवाय यंत्र डॉक्टरांची वेळ देत नाही."

"अहो, सोळा वर्षांची पोर आपल्या तोंडानं म्हणतेय, जगावंसं वाटत नाही, मला डॉक्टरांकडे न्या!" नरहरबुवांचा कीर्तनातला खणखणीत आवाज चिरकला.

"तोंडी सांगितलेलं कोण धरतंय आता? पण रोज संध्याकाळी आकडा उतरतो बघा. तेव्हा काय करतेस गं?"

"बाबांच्या कीर्तनात मागे उभी राहून टाळ वाजवते," वैजू म्हणाली. "तेवढा वेळ बरं वाटतं."

बाईंनी आवाज खाली आणला. "मग आठवडाभर जाऊ नकोस, बाळ."

त्या संध्याकाळी वैजू घरी आईजवळ बसली. देवळात बुवांनी नमन आळवलं. पेटीवर ठेवलेल्या फोनमध्ये पोरीचा आकडा दिसत होता. पंचावन्न. त्रेसष्ट. जन्मभर देवाकडे सगळ्यांचं बरं मागणारे बुवा मनात म्हणाले, 'चढू दे, पांडुरंगा.' त्यांचे डोळे वाहू लागले, तशी समोरची माणसंही भक्तीनं गहिवरली.

सत्तर झाला. बुवांनी हात जोडले. "पुरे, देवा. आता पुरे."

आकडा एकोणऐंशीवर गेला होता.