भवानीचं गिऱ्हाईक

निवृत्तीनं पिकअप मागं घेत घेत कॅरॅव्हॅनच्या तोंडाशी आणली, साखळी काढली, खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"बालाजी, हिची चाकं कुठं हायेत रं?"

कॅरॅव्हॅन विटांवर उभी होती. एका कतारी कुटुंबानं समुद्राकाठच्या वाळूत कितीतरी हिवाळे तिच्यात काढले होते, आणि जुनी झाली तशी बालाजीला देऊन टाकली होती. बालाजी एसीचा मेकॅनिक. तिचे सुटे भाग विकून बघायचे, जमलं तर पुढं हाच धंदा धरायचा, असं त्याच्या मनात. जागा मात्र जियादच्या हाताखालची. इंडस्ट्रियल एरियातल्या ह्या यार्डाचा तो मुकादम. त्यानं बजावलं होतं, शुक्रवारी दुपारच्या, असरच्या नमाजाआधी गाडी हलली नाही, तर पुन्हा ह्या फाटकात पाय ठेवायचा नाही.

"सकाळीच विकली," टपावर बसून एसीचे स्क्रू काढत बालाजी म्हणाला. "दुखान गावचा एकजण आला. त्याला होडीच्या ट्रॉलीला पायजे होती. मी म्हणत होतो उद्या ये. आईनं ऐकलं नाही."

"भवानीचं गिऱ्हाईक कुणी माघारी लावतंय का?" लक्ष्मीबाई दारातूनच कडाडली. लेकाकडं चार दिवस राहायला आलेली बाई, पण यार्ड जसं काही तिच्याच सासऱ्यानं बांधलेलं. "दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक. मागंल ते द्यायचं. तुझ्या बापानं दुकानात जन्मभर तेच केलं."

"बाप मीठ-मिरची विकत होता, आई. दुकानाचा पाया नाही विकला त्यानं."

निवृत्ती फिस्सकन हसला.

"तू दात झाक. वारं लागंल."

बालाजीनं पान्हा टपावर आपटला. "आता उचलायला क्रेन लागंल. आज शुक्रवारची सुट्टी, क्रेन कोण देतंय? जियाद आला की खलास. गाडी पण गेली अन् जागा पण."

लक्ष्मीबाई फाटकाकडं बघत होती. डोक्यावर ओला टॉवेल टाकून जियाद तिकडून येत होता. सकाळपासून तो फाटकाजवळ येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या तपासत होता. बसायला खोली नाही, डोक्यावर पत्रा नाही. भिंतीची सावली सरकेल तसा माणूस सरकत होता.

"बालाज्या, स्क्रू परत आवळ. अन् चालू कर ती मशीन."

"आई, एसीचं गिऱ्हाईक संध्याकाळी येणारय."

"येऊ दे. ते भवानीचं नाही."

ती आत गेली. एका खिडकीची काच काढून ठेवली होती. त्या भोकात तिनं घोंगडं कोंबलं. बाकड्यावरची वाळू पदरानं झाडली. कोपऱ्यातल्या शेगडीवर चहा ठेवला.

जियाद आला. त्यानं विटा बघितल्या.

"पहिया किदर?"

बालाजी टपावरून उतरला. निवृत्ती साखळीकडं बघायला लागला.

"बालाजी, मैं क्या बोला था? पहिया किदर?"

"उन्हात उभं राहून भांडू नये," लक्ष्मीबाई दारात येऊन मराठीतच म्हणाली. हिंदी तिला येत नव्हती, आणि त्यात तिला काही कमीपणाही वाटत नव्हता. "ये बाबा, आत ये आधी. मग काय वरडायचं ते वरड."

"अम्मा अंदर बुलाती है," बालाजी पुटपुटला.

"नहीं, नहीं. मुश्किल..." जियाद म्हणाला. पण तेवढ्यात दारातून आलेला गार वारा त्याच्या तोंडावर लागला. तो थांबला. मग त्यानं बूट काढले.

पहिला चहा त्यानं घटाघटा प्यायला. दुसरा सावकाश. टॉवेल काढून मांडीवर ठेवला, पाठ भिंतीला टेकली आणि डोळे मिटले. बाहेर दोघं बाप्ये शाळेतल्या पोरांसारखे उभे.

असरची अजान झाली. जियाद उठला, हातपाय धुऊन नमाजाला गेला. थोड्या वेळानं जियाद परत आला आणि त्याच बाकड्यावर येऊन बसला. घोंगड्याला बोट लावून त्यानं विचारलं,

"इसका शीशा किदर?"

"निकाला है. बेचने के वास्ते."

"वापस लगाओ. इदर से गेट दिखना चाहिए."

जियादनं बाकड्यावर थाप मारली.

"ये गाडी इदर रहेगा. मेरा ऑफिस. तुम अपना काम पीछे का कोना में करो. दूसरा गाडी लाओ, तीसरा लाओ. मगर साफ रखो."

"शुक्रन," बालाजीनं अरबीत आभार मानले. काच आणायला तो धावतच सुटला.

निवृत्ती साखळी गुंडाळायला लागला. "मग मावशी, मी रिकामाच जाऊ?"

"रिकामा कशाला? उन्हाळा लागला, वाळूत हिवाळा काढलेले समदे आपापल्या घरी चाललेत. कुणाची गाडी पडीक असंल तर बघ, ओढून आण." जियादच्या ग्लासात तिनं उरलेला चहा ओतला आणि दाराकडं तोंड केलं. "अन् ह्या बारीला चाकं शेवटी विका. एवढी साधी अक्कल नाही दोघांना."